रंभाचे रंगवलेले खूर

सोम., २६ जाने.
रंभा पुढच्या डाव्या पायावर भार देईना. सांगितलं तर हे म्हणतात, नखरे. नखरे म्हणे! घोडी माझ्या बाबांनी दिलेली, तिच्या लहानपणापासून मी पाहिलेली, आणि तिचे नखरे कळतात ह्यांना. शुक्रवारी दारासुरम गावच्या नवरदेवाला मिरवणुकीचं कबूल करून बसलेत ना, म्हणून नखरे. इथले डॉक्टर गाईम्हशींचे. मामेभावाने पुण्याच्या एका घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला.

मंगळ.
बाई भल्या. माझं इकडचं, दक्षिणेतलं जुन्या वळणाचं मराठी ऐकून हसल्या, कीर्तनातल्यासारखं बोलता म्हणे. हसू देत. फोटो हवेत म्हणाल्या. खूर धुऊन, घोडी सपाट फरशीवर उभी करून, फोन जमिनीला टेकवून समोरून, बाजूने, मागून. मग पाय उचलून तळव्याचा. ह्यांना सगळं नीट सांगून मी कॉफीच्या दुकानात कामाला गेले.

संध्याकाळी पाहते तर रंभाच्या गळ्यात हार, कपाळाला कुंकू, शेजारी हे, नवी वेष्टी नेसून. आणि खूर? पोंगलला बैलांची शिंगं रंगवून उरलेला लाल ऑइलपेंट चारही खुरांना ताजा फासलेला! वर मलाच विचारतात, परगावी फोटो जाणार, घाणेरडे पाय दाखवायचे का? डोकंच फिरलं. फोटो पाठवूनही मोकळे झाले होते.

बुध.
बाईंचं उत्तर: घोडी सुंदर आहे, खूर मात्र दिसत नाहीत. मेल्याहून मेल्यासारखं झालं. थिनर लावू नका, बारीक पॉलिशपेपरने हलके घासा म्हणाल्या. ह्यांच्याशी बोलणं बंद. जेवण वाढलं तेवढंच.

गुरु.
सकाळी मागच्या अंगणातली फरशी धुतली. घासत बसले. डावा पाय सारखा ओढून घेत होती बिचारी. रंग गेला आणि खाली उभी चीर. तळापासून निघून पार केस सुरू होतात तिथपर्यंत. हात लावला तर खूर गरम.

पालथी पडून फोटो काढले, साडीचा चिखल झाला. शेजारीण कुंपणावरून बघत होती. बघू दे. तळव्याच्या फोटोला ह्यांनी पाय धरला.

बाईंचा लगेच फोन. "रस्त्यावर अजिबात काढू नका. चीर कधीपासून आहे? जुने फोटो असतील तर पाठवा."

सगळा फोन धुंडाळला. पोंगल, आयुधपूजा, लोकांच्या मिरवणुका. प्रत्येक फोटोत रंभा नटलेली, प्रत्येकात खूर लाल. कधीपासून सहन करतेय कोण जाणे. रडू आलं, रागाने.

शुक्र., ३०
दुपार. दारासुरमचा फोन. हे म्हणाले, येतो! मला म्हणतात, चालवत नाही, टेम्पोतून नेतो, नुसती मंडपापाशी उभी करतो, नवरदेव बसेल, फोटो काढतील, की परत. परत फोटोच!

फाटकाला कुलूप घातलं. किल्ली कमरेला. म्हटलं, "चिरेचा फोटो पाठवा दारासुरमला. मग हवी तर किल्ली मागा."

हे ओट्यावर बसलेत, फोन हातात, फोटो उघडलेला. अजून पाठवलेला नाही. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, आणि रंभा डावा पाय उचलून उभी आहे.