जपानी मौन, स्प्रिंगची गादी

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून नवा मी. ‘जपानी मनोवृत्ती आणि विक्री’ या शिबिरातून परतलो. मालकांनीच पाठवलं होतं. दुपारच्या डुलक्या सोडल्या तर सगळं डोक्यात पक्कं आहे.
शोरूममध्ये गाद्या विकणारे दोघेच. मी आणि रेडिओ. खरं नाव वेगळं, पण गडी एकदा लागला की बंद होत नाही. नव्या शाखेचा मॅनेजर आमच्यातूनच होणार. बिचाऱ्या रेडिओची कीव येते.
बायकोला काइझेन समजावलं. रोज थोडी थोडी सुधारणा. ती म्हणाली, मग पलंगावरच्या ओल्या टॉवेलपासून सुरुवात करा. विचारांची झेपच नाही. (उचलला. तत्त्व म्हणून.)

४ फेब्रुवारी, मंगळवार
शोशिन. म्हणजे कोरं मन. आपल्याला सगळं येतं हा अहंकार सोडायचा.
एका जोडप्याने विचारलं, गादीत फोम आहे की कापूस? मी प्रसन्नपणे म्हटलं, मला काहीच माहीत नाही, चला, मिळून शोधू या. ते शोधायला समोरच्या दुकानात गेले.
माझी तयारी होती. त्यांची नव्हती.

५ फेब्रुवारी, बुधवार
गेंबा. काम जिथे घडतं तिथे स्वतः जाऊन बघायचं. गादीचं काम कुठे घडतं? झोपेत. म्हणून जेवणानंतर डिस्प्लेच्या गादीवर आडवा झालो.
डोळे उघडले तर उशाशी मालक. त्यांना गेंबा समजावला. म्हणाले, तुमचा गेंबा रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.
मोठ्या माणसांना नव्या कल्पना पचायला वेळ लागतो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
कमरेतून वाकून गिऱ्हाइकाचं स्वागत. गिऱ्हाईक नेमकं तेव्हाच पडलेली किल्ली उचलायला वाकलं. दोघांनाही टेंगूळ. रेडिओने त्यांना बर्फ दिला, पाणी दिलं आणि बोलता बोलता डबल बेडची गादी विकली.
संधी कुणी निर्माण केली, हे कुणी विचारत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
उद्या हॉटेलवाल्या बाई येणार. नवं कोरं हॉटेल, खोलीगणिक गाद्या. मालक म्हणाले, ही ऑर्डर हातची गेली तर नवी शाखा सोडा, जुनीलाही कुलूप लागेल. सगळी भिस्त माझ्यावर. (बोलताना ते रेडिओकडे बघत होते. मान अवघडली असावी.)
संध्याकाळी बातमी. रेडिओचा घसा बसला. आवाज पूर्ण बंद. नियतीसुद्धा जपानी आहे.
उद्या ब्रह्मास्त्र काढणार. मौन! खरा विक्रेता बोलत नाही, त्या शांततेत गिऱ्हाईक स्वतःच स्वतःला पटवतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार, संध्याकाळ
जिंकलो!
बाईंनी विचारलं, पाठीला कुठली बरी? मी हसून स्प्रिंगच्या गादीकडे हात केला. भाव विचारला, मी चिठ्ठीवर बोट ठेवलं. टिकेल का म्हणाल्या, मी छातीवर हात ठेवून डोळे मिटले.
हळूहळू बाईंचा चेहरा मऊ झाला. मग त्या एकेक शब्द सुटा करून मोठ्याने बोलू लागल्या, हातवारे करू लागल्या. माझं मौन त्यांच्यात उतरत होतं! पूर्ण ऑर्डर. घासाघीस नाही. जाताना डोळे पुसत होत्या.
विक्रीत अध्यात्म आणणारा मी बहुधा पहिलाच.

१२ फेब्रुवारी, बुधवार
मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. बाईंचा फोन आला होता. बोलता न येणाऱ्या माणसाला तुम्ही इतक्या मानाने कामावर ठेवलंत, तुमच्यासारखी माणसं आता कुठे राहिली, असं म्हणाल्या म्हणे.
मी विचारलं, मग तुम्ही काय सांगितलंत? मालक टेबलाची काच पुसत म्हणाले, आभार मानले.
मी फोनकडे हात नेला. मालकांनी तो उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला. गाद्या पोचेपर्यंत तोंड उघडलंत तर याद राखा, म्हणाले.
मला खोटं बोलवत नाही. पण मी खोटं बोललोय कुठे? मी बोललोच नाहीये.
तरी जेवण गोड लागलं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार
रेडिओचा घसा मोकळा झाला. नवी शाखा त्याला मिळाली. मालक म्हणाले, तिकडे बोलणारा माणूस हवा.
घरी सांगितलं. बायकोने चहा ठेवला. नेहमीसारखं सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार
हॉटेलचं उद्घाटन. सहकुटुंब आमंत्रण. गाद्या पोचल्या होत्या, तरी मालकांनी दारातच ओठांवर बोट ठेवून बजावलं.
बाईंनी मला स्टेजवर बोलावलं. ‘शब्दांवाचून मन जिंकणारा माणूस’ अशी ओळख करून दिली. अख्खा हॉल उभा राहिला. हातात गुलाबांचा गुच्छ आला, मी तो छातीशी घट्ट धरला आणि काटा बोटात शिरला.
“आई गं!”
माईक समोरच होता.
हॉलमध्ये जी शांतता पसरली, तशी मला आजवर एकदाही साधली नव्हती. बाईंनी विचारलं, तुम्हाला बोलता येतं? मग मात्र राहवलं नाही. एका दमात सगळं सांगून टाकलं. शिबिर, मौन, केबिन, मालकांचा ड्रॉवर. माफी मागितली. ओघात शोशिन आणि गेंबाही समजावले. मालक कधी उठून गेले कळलं नाही.
बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या हातातला गुच्छ हळूच काढून घेतला आणि म्हणाल्या, गाद्या चांगल्या आहेत, त्या राहू देत. पण तुम्ही गप्प होतात तेव्हा जास्त पटला होतात.
तेवढ्यात टाळ्या ऐकू आल्या. पाहिलं तर दुसऱ्या रांगेत बायको. एकटीच.