उनैसाला विचारून कळव

प्रिय आदिया,

मी बोलते आहे आणि तुझा हुबाब मामा लिहितो आहे. हो, तोच मामा. तुझ्या उंटाची दोरी धरून ‘हा आमचा पोरगा आहे, याला जाऊ देणार नाही’ असं गल्लीभर ओरडला होता, तोच. आता खाली मान घालून खरडतो आहे. मधेच थांबून ‘ताई, हे पण लिहू?’ असं विचारतो. लिही म्हटलं, तुझंही थोडं बाहेर पडू दे.

यंदा खजूर बरा आला. तुमच्या नदीर वस्तीतल्या, ज्यूंच्या बागा आता दुसऱ्यांकडे आहेत. जाताना तुम्ही दारांच्या चौकटीसुद्धा उंटांवर लादून नेल्यात, ती घरं अजून तशीच उघडी पडली आहेत. मला तिकडे बघवत नाही. विहिरीवर जायला मी लांबची वाट धरते आणि गुडघे दुखले की स्वतःलाच शिव्या घालते.

तुझ्याआधीची माझी बाळं एकेक करून गेली, हे तुला ठाऊक आहे. मूर्तींपुढे नाक घासून झालं, तेव्हा आपल्या या यस्रिब गावच्या बायका करायच्या तोच नवस मी केला. हा जगला तर ज्यूंच्या घरी वाढवीन. त्यांच्याकडे ग्रंथ होता, त्यांचा देव फार जुना, तो ऐकेल असं आम्हाला वाटायचं. तू झालास तो मुठीएवढा. ना रडणं, ना चोखणं. मी तुला नदीर वस्तीतल्या उनैसाच्या ओटीत घातलं. तू जगलास आणि मी गावभर सांगत सुटले की माझा नवस फळला. तिने काय केलं, किती जागली, हे विचारायचं मला कधी सुचलंसुद्धा नाही.

मग आम्ही मुसलमान झालो. पुढे आपल्या माणसांचं आणि नदीरवाल्यांचं बिनसलं, वेढा पडला आणि त्यांनी गाव सोडायचं ठरलं. तुम्हा नवसाच्या पोरांवरून घरोघरी भांडणं. मशिदीतून निरोप आला, धर्मात जबरदस्ती नाही, पोरांनी आपलं आपण ठरवावं. मामाने दोरी सोडली. तू एकदा माझ्याकडे बघितलंस, एकदा तिच्याकडे. ती म्हणाली, ‘राहा रे बाळा, आई आहे ती तुझी.’ आणि मी काय म्हणाले? ‘तू नको शिकवूस त्याला. जन्म मी दिलाय, तू नुसतं दूध पाजलंस.’ बाकीच्या बायका ठेवणीतले कपडे घालून, डफ वाजवत, ताठ मानेने निघाल्या होत्या. उनैसाचा डफ मांडीवर गप्प पडून होता. तुझा उंट तिच्या उंटामागे चालू लागला. मी ते बोलले नसते तर राहिला असतास का, हे मी तुला विचारणार नाही. उत्तर ऐकायची माझी हिंमत नाही.

आता जे सांगायचं ते सांगते. तुझ्या बहिणीला, सुआदला, मुलगा झालाय. तिचीही आधीची बाळं राहिली नाहीत. हाही तुझ्यासारखाच मुठीएवढा, ओठांत जोर नाही. नवस आता आमच्यात चालत नाही. आणि चालत असता तरी बाळ नेऊन द्यायचं कुणाकडे? ते घर आम्ही इथे ठेवलं कुठे? म्हणून लाज गिळून पदर पसरते. उनैसाला विचार, तिने तुला कसं जगवलं. काय पाजलं, कसं पाजलं, ऊब कशी दिली, सगळं लिहून पाठव. हे पत्र आणणारा उंटवाला तुमच्या खैबरहून लगेच परत फिरणार आहे. मी सुआदला सांगून ठेवलंय, रडू नकोस, उनैसा नक्की सांगेल. तिला एवढं बोलूनही मला याची जराही शंका वाटत नाही रे, आणि मला सगळ्यात जास्त लाज वाटते ती याचीच.

तुझीच,
कब्शा