बुधवारची घंटा

७ जून १९७७

राणीला गादीवर बसून पंचवीस वर्षं झाली म्हणून गावजेवण, आणि हवा जानेवारीची! उत्तरेचा बोचरा वारा, वर पाऊस. टेबलं मैदानातून उचलून हॉलमध्ये नेली. पताकांचे रंग ओघळून सँडविचवर उतरले. आम्ही मनोऱ्यात तासभर घंटा वाजवल्या. कुणाला ऐकू गेल्या देव जाणे.

ऑलिव्ह आली नाही. संध्याकाळी केक घेऊन बांधाखाली तिच्या घरी गेले. "राणीची पंचवीस झाली," म्हणाली. "माझी जानेवारीत होतील. तेव्हा आण केक." थोरली बहीण, तिला काय बोलणार? त्रेपन्नच्या उधाणात समुद्र बांध फोडून आला आणि तिचा नवरा आर्थर गेला. ही छपराला धरून वाचली. अजून त्याच घरात राहते. बाई, वर चर्चजवळ माझ्याकडे येऊन राहा — सांगून सांगून तोंड दुखलं माझं.

२१ ऑक्टोबर

ट्रफल्गारचा दिवस. नेल्सन आमच्या नॉरफोकचा, म्हणून निशाण वर चढवलं. वाऱ्याने दुपारपर्यंत त्याची चिंधी केली.

घंटावाल्यांची बैठक झाली. त्रेपन्न साली पाणी आलं तेव्हा मनोऱ्याला कुलूप होतं. कुणी घंटा वाजवली नाही, लोक झोपेत बुडाले. म्हणून दर एकतीस जानेवारीला आम्ही मोठी घंटा वाजवतो, त्या रात्री वाजायला हवी होती तशी. एकेक ठोका, घाईघाईचा, न थांबता. यंदा पंचवीस वर्षं होतात, तर तासभर वाजवायची. पहिली दोरी माझ्या हातात. एवढी सवय कुणालाच नाही. डिसेंबरात तालीम सुरू, दर बुधवारी.

५ नोव्हेंबर

धुकं. होळीवरचा गाय फॉक्सचा पुतळा काही केल्या पेटेना. शेवटी वॉल्टर पेगने रॉकेल ओतलं आणि स्वतःच्या भुवया जाळून घेतल्या. ऑलिव्ह पोट धरून हसली. "तुझ्या शेजारी राहण्याचा एवढाच फायदा आहे, वॉल्टर!" फार दिवसांनी तिला असं हसताना पाहिलं.

१३ नोव्हेंबर

युद्धातल्या मेलेल्यांचा रविवार. रिवाजाप्रमाणे घंटांच्या लोळ्यांना एका बाजूने चामड्याच्या टोप्या बांधल्या. एक ठोका खणखणीत, पुढचा दबका, जमिनीखालून आल्यासारखा. बाहेर पाऊस आडवा येत होता. नावं वाचून होईपर्यंत सगळे भिजले.

खाली उतरताना पाद्री थर्टल म्हणाले, "बुधवारच्या तालमीलाही चामडं बांधू या का? खरी घंटा आणि तालीम, लोकांना फरक कळेल." मी म्हटलं, चामड्याने वजन बदलतं, हात चुकतो. उघड्या घंटेवरच शिकायचं. मान डोलावून उतरले बिचारे. माझ्यापुढे कोण बोलतं!

१४ डिसेंबर

पहिली तालीम. आणि काय व्हावं — वाजवायला लागून पाच मिनिटं होत नाहीत तोच ऑलिव्ह चर्चच्या दारात! नाइटगाऊनवर आर्थरचा कोट, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात कुत्र्याची दोरी. धापा टाकत होती. "पाणी कुठवर आलं?"

पोरं हसली. मोठी माणसंही हसली. ती उलट पावली गेली. मागे धावले, "अगं ऑलिव्ह, सांगायला हवं होतं मी" म्हणत. "जा, वाजव तुझी घंटा," म्हणाली.

१५ डिसेंबर

रात्रभर तिचा चेहरा समोर. सकाळी दुकानात आणि पबमध्ये चिठ्ठी लावली, बुधवारची घंटा म्हणजे तालीम, घाबरू नये. मग वॉल्टरकडे गेले. त्याचं घर तिच्या गल्लीच्या तोंडाशी, तिला वर यायचं तर त्याच्या खिडकीखालूनच. म्हटलं, "ती पुन्हा निघाली तर तिथूनच परत घरी पाठव. गावभर हसं नको." म्हणाला, "काळजी करू नकोस, बेरिल. माझं लक्ष आहे."

२१ डिसेंबर

तालीम छान झाली. कुणी आलं नाही. बर्फासारखा पाऊस.

२५ डिसेंबर

ऑलिव्ह जेवायला आली. टर्की कोरडी झाली म्हणाली. घंटेचा विषय काढला तर म्हणे, "मला ऐकूच येत नाही ती. बुधवारी रेडिओ मोठा करते नि बसते."

चला, सुटले.

११ जानेवारी १९७८

वारा वायव्येचा, सकाळपासून वाढतोच आहे. खाजणात ओहोटीचं पाणी उतरलंच नाही. कौलं उडतील की काय. पाद्री म्हणतात, आजची तालीम नको. बरं.

१२ जानेवारी

हात फुटलेत, पेन धरवत नाही. तरी लिहिते.

काल दिवेलागणीनंतर पोलीस दारात. बांधावरून पाणी यायला लागलं होतं. मी पळत मनोऱ्यात. कुलूप नव्हतं, दोरी तयार होती, हात तयार होता. सगळं होतं यंदा! वाजवत राहिले. पाद्री आले, "थांब आता, मी वाजवतो" म्हणाले, त्यांना ढकललं. मनोऱ्याच्या खिडकीतून खालचे दिवे दिसत होते. एकही दार उघडेना. एकही कंदील हलेना. मी ओरडत होते. तिथून ओरडून कुणाला ऐकू जाणार!

बुधवार होता.

मग खालचे दिवे एकदम गेले, सगळे.

१३ जानेवारी

ऑलिव्ह सापडली. स्वयंपाकघरात. कुत्राही.

बाकीचे माडीवर चढून वाचले. तिच्या घराला माडी नाही. वॉल्टरला छपरावरून काढला, छातीत पाणी गेलंय, नॉरिचच्या इस्पितळात आहे. बंबवाले संपावर, म्हणून पंप घेऊन सैनिक आलेत. पोरं आहेत नुसती. एकाने मला चहा दिला. तो घेतला आणि त्याच्यावरच खेकसले.

१९ जानेवारी

आर्थरच्या शेजारी पुरली. आकाश लख्ख निळं, वारा नाही, पानही हलत नव्हतं. संताप आला त्या उन्हाचा.

तिचाही येतो. हो, येतो! रेडिओ मोठा करून बसली असणार. मी हात सोलून घेत होते आणि ही खुर्चीतून उठली नाही. जन्मभराची हट्टी. त्रेपन्न साली घंटा नव्हती म्हणून रडलीस ना? यंदा होती. मी वाजवत होते गं. एकदा तरी माझं ऐकायचं होतंस.

२६ जानेवारी

पाद्री येऊन गेले. एकतीसला घंटा वाजवायची का, विचारत होते. म्हटलं, वाजवा, मी दोरीला हात लावणार नाही. चामड्याच्या टोप्या बांधतो म्हणाले. आता बांधा.

३१ जानेवारी

पाऊस. वॉल्टर इस्पितळातून परस्पर चर्चमध्ये आला. माझ्या शेजारी बसला, माझ्याकडे न बघता बोलला. "ती निघाली होती, बेरिल. पहिल्याच ठोक्याला. कोट, बॅग, कुत्रा. माझ्या खिडकीखाली आली तेव्हा मीच ओरडलो — आज बुधवार आहे, तुझी बहीण वाजवतेय, जा घरी. तू सांगितलं होतंस तसं."

ऑलिव्ह हसली म्हणे. "अस्सं, बेरिलच आहे होय," म्हणाली, आणि परत गेली.