तरंगणारा दगड

शाला तळ्याकाठ, सोमवार

चि. सोरेत्तीस आजी जालानेचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारच्या फातोनं वाचून दाखवलं. हेही तीच लिहितेय. अक्षर वाकडं असलं तर तिचं, बोलणं वाकडं असलं तर माझं.

अतिदक्षता विभागातली नर्स तुझ्या आजोबांना भान तपासायला रोज विचारते म्हणे, दगड पाण्यावर तरंगतो का. घशात नळी, म्हणून ते मानेनंच हो म्हणतात, आणि ती भ्रम झालाय असं लिहून घेते. नळी उपटतील म्हणून हातही बांधलेत. अगं, याच काठावर वाढलीस ना तू? तुला सांगता आलं नाही, आमच्याकडचा ज्वालामुखीचा जाळीदार दगड तरंगतो म्हणून? मी कपडे धूत होते तेव्हा यांनी पाण्यावरून असाच एक माझ्याकडं ढकलला होता. बोलायची हिंमत नव्हती, दगड पाठवला! लग्नानंतर त्यानंच यांच्या टाचा घासत आले. तोच मिनिबसवाल्याबरोबर पाठवतेय. त्या बाईला घमेल्यात टाकून दाखव. म्हातारा शुद्धीत आहे माझा. हात सोडा म्हणावं.

वाटेकडं डोळे लावून बसलेली,
आजी

अदामाचं इस्पितळ, पुढचा शुक्रवार

ती. आजीस सोरेत्तीचा शि. सा. न. वि. वि.

दगड तरंगला. नर्स आधी हसली, मग ओशाळली. आजोबांचे हात तिनं स्वतः सोडले. आनंदाच्या भरात मी तुला तसा निरोपही धाडला. घाई झाली गं माझी.

काल नळी काढली. आज त्यांनी तोंडानं उत्तरं दिली. दगड बुडतो म्हणाले. डॉक्टर खूश, पुढच्या आठवड्यात घरी न्या म्हणाले. नर्सनं तेवढा उशाचा दगड माझ्याकडं सरकवला. मी तो दगड त्यांच्या हातात दिला. उलटसुलट करून त्यांनी मला विचारलं की बाई, हे कुणाचं आहे. मी तुझं नाव सांगितलं. परक्या पाहुण्याकडं बघून हसावं तसे हसले. नर्स म्हणते, काहींची आठवण परत येते. सगळ्यांची नाही.

काय लिहू आणखी?
तुझी सोरेत्ती

शाला तळ्याकाठ, रविवार

चि. सोरेत्तीस आशीर्वाद, उरलेत तेवढे.

घेऊन ये त्यांना. अंथरूण उन्हात घातलंय. फातो रडतेय, तिला म्हटलं, नवरा माझा, तू कागद भिजवू नकोस.

वाटेत त्यांना काही विचारू नकोस. पुष्कळ विचारून झालं. दगड मात्र आठवणीनं आण, टाचा भेगाळल्या असतील. मी घासायला बसले की विचारतील, ही म्हातारी कोण. कामाला ठेवलीय म्हणून सांगेन.

लोभ आता एकटीनंच करायचा.
जालाने