गाळलेला सोडा

चाचा, काल संध्याकाळी एक तरुण कॅप्टन बायकोला घेऊन आपल्या हॉटेलच्या व्हरांड्यात बसला होता. लढाईवरून आठ दिवसांची रजा मिळालेली, लग्नाला जेमतेम महिना झालेला. त्यानं जिन, लिंबू आणि सोड्याचं थंड पेय मागितलं, तुम्ही करायचात तेच. मी करून दिलं. ती पोर असलं काही पहिल्यांदाच पीत असावी. ग्लास तोंडाशी नेला आणि बुडबुडे नाकावर उडाले तशी दचकली, मग नवऱ्याकडे बघून हसली. कॅप्टननं मला विचारलं, "कुणाकडे शिकलात हो हे?" मी नेहमीचंच उत्तर दिलं, "कुणाकडे नाही, साहेब. आपलं आपणच." तो खूश झाला. मला मात्र आज सकाळी कागद घेऊन बसल्याशिवाय राहवलं नाही.

उत्तर अगदीच खोटं नव्हतं. वडिवळ्याची भातखाचरं सोडून मी लोणावळ्यात आलो तेव्हा माझं शिक्षण मराठी तिसरीपर्यंतचं. इंग्रजी अक्षरं मी बाटल्यांच्या लेबलांवरून लावली, कपाट पुसता पुसता. कुठल्या पेयाला काय आणि किती, हे वहीत उतरवून काढलं. आजही पुण्या-मुंबईचे लोक ती वही मागतात आणि मी ती देत नाही. एका ग्लासाला चहाचे दोन चमचे साखरेचा पाक, अर्ध्या लिंबाचा रस, एक पेग जिन, वर फोडलेला बर्फ आणि मग सोडा. साखर तशीच टाकायची नाही. ती तळाला बसते, मग ढवळावं लागतं, आणि ढवळलं की सोड्यातली गंमत गेली. लिंबू मागणी आल्यावर कापायचं, आधी कापलं की कडवटतं. हे सगळं वहीत आहे. वहीत नाही ते तुमचं.

तुम्हाला अक्षर येत नव्हतं आणि जन्मात तुम्ही दारूचा थेंब जिभेला लावला नाही. नमाज चुकवला नाही आणि पेयही कधी बिघडवलं नाही. चवच घ्यायची नाही तर कळतं कसं, असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही भरलेला ग्लास माझ्या कानाशी धरलात. आत तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी बारीक चरचर चालली होती. "ऐकू येतंय न्हवं? मग झालं. बोलायचा थांबला की ग्लास मेला. चाखतंय कोण?" अजूनही मी ट्रे उचलायच्या आधी कान लावतो. पाहुण्यांना वाटतं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं.

आता त्या शनिवारचं सांगतो. तुमचे हात कापायला लागले होते. दिवाळीनंतर तुम्ही घरी बसणार हे ठरलेलं होतं आणि तुमच्या जागी कोण, हा प्रश्न होता. मॅनेजरनं मला बोलावून स्पष्ट सांगितलं, "या शनिवारचं डॉक्टरांचं टेबल तू सांभाळ. नीट झालं तर बार तुझा. नाहीतर मी मुंबईहून माणूस आणतो." डॉक्टर पारशी होते. त्यांची बायको छातीच्या दुखण्यातून उठून हवापालटासाठी तीन महिने वरच्या खोलीत होती आणि ते दर शनिवारी मुंबईहून येत. त्या शनिवारी ती पहिल्यांदा जिना उतरणार होती. डॉक्टर दुपारीच बारपाशी येऊन गेले. "अरे बावा, आज माझी बायडी खाली येते. लग्नाच्या दिवशी आम्ही हे जिन-लिंबू-सोडाच प्यायलो होतो. तिला वाटलं पाहिजे, काही बदललं नाही. समजलं ने?"

समजलं होतं, फारच समजलं होतं. मी ग्लास तीनदा धुतले. सोड्याच्या गोळीच्या बाटल्या उजेडात धरून तपासताना एकीच्या तळाशी मला काचेची कपची दिसली, तांदळाच्या कणीएवढी. आजारातून उठलेली बाई, आणि घशात काच! आमच्या घरी आईनं हंड्याच्या तोंडाला फडकं बांधल्याशिवाय कधी पाणी भरलं नाही. मीही तेच केलं. धुतलेलं मलमल दुहेरी करून काचेच्या जगाच्या तोंडाला बांधलं, गोळी दाबून सहा बाटल्या फोडल्या, सगळा सोडा सावकाश गाळून घेतला आणि जग बर्फात ठेवला. काय स्वच्छ दिसत होता तो! तुम्ही तेव्हा मागे नमाजाला गेला होतात. कधी एकदा तुम्हाला दाखवतो असं मला झालं होतं, पण तेवढ्यात बाई खाली आल्या.

मी दोन ग्लास भरून नेले. बाईंनी घोट घेतला आणि नवऱ्याला वाईट वाटू नये म्हणून हसून म्हणाल्या, "छान आहे हां. सरबत छान आहे." डॉक्टरांनी आपला ग्लास चाखला आणि खाली ठेवला. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. ते रागावले असते तर बरं झालं असतं. टेबलाशी उभा असलेला मॅनेजर माझ्यामागून बारपाशी आला. तुम्ही नुकतेच आत येत होतात, बाह्या अजून ओल्या होत्या. तुम्ही जग पाहिलात, फडकं पाहिलंत, मग मला पाहिलंत.

"कुणी केलं हे?" मॅनेजर म्हणाला.

"म्या केलं," तुम्ही म्हणालात. "हात ऱ्हात न्हाई आता, साहेब. बाटली लवकर फोडून बसलो. हा दुसरं करतोय बघा."

मॅनेजर तुम्हाला काय काय बोलला ते मी लिहीत नाही. तो गेल्यावर तुम्ही हात पाठीमागे बांधून माझ्यामागे उभे राहिलात. नवी बाटली घेतली. "उजेडात धर. हाय का कपची? न्हाई? फोड. पयला घोट मोरीत. आता ग्लास वाकडा कर. काठाकाठानं येऊ दे, गड्या. त्याला पळवू नगंस, उतरू दे." मी उतरू दिला. शेवटी लिंबाची साल वरून पिळली. तुम्ही कान पुढे केलात आणि मान हलवलीत. या खेपेला बाईंनी ग्लास ओठाला लावण्याआधी गालाशी धरला, तुषार उडाले, आणि त्यांनी डॉक्टरांचा हात धरून गुजरातीत काहीतरी म्हटलं. डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. बराच वेळ पुसत राहिले.

तुमची बोलणी मी नंतर मागच्या खोलीत खाल्ली. "आरं, पाणी गाळत्यात. सोडा लोक कशापायी घेत्यात? त्यातल्या हवेपायी. अन् तू पाणी दिलंस जगाला, हवा दिलीस फडक्याला. आता ते फडकं पिऊन बघ, लय झकास लागंल!" आणि तुम्ही इतके हसलात की मलाही हसावं लागलं. एवढंच. पुन्हा कधी एका शब्दानं नाही.

तुम्हाला दिवाळीपर्यंत राहायचं होतं. सोमवारी मॅनेजरनं सांगितलं, उद्यापासून येऊ नका. बार मला मिळाला. तुम्ही डबा काखोटीला मारून वलवणच्या रस्त्याला लागलात, जसे रोज संध्याकाळी जायचात तसेच. मी तीनदा तुमच्या घरी येऊन गेलो. दरवेळी तुम्ही शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचात, "गाळत न्हाईस न्हवं आता?" आणि आतून चाची ओरडायच्या, "बसू तर द्या त्याला!" चौथ्यांदा आलो ते तुम्हाला माती द्यायला.

तुमच्याएवढा कसबी माणूस मी या लाइनीत पाहिला नाही, आणि मी पुष्कळ पाहिलेत. हे पत्र तुमच्या मुलीकडे नेऊन वाचून दाखवावं असं मघाशी मनात आलं होतं. नेणार नाही. कारण तिच्यासमोर एक गोष्ट वाचावी लागेल. तुम्ही माझ्याआधी बोललात म्हणून मला बोलायला सवड मिळाली नाही, असं मी बायकोला सांगत आलो आहे, आणि इतकी वर्षं स्वतःलाही. सवड होती, चाचा. मॅनेजर तुम्हाला बोलत होता तेवढा सगळा वेळ होता. त्या वेळात मी पाठ फिरवून बर्फ फोडत उभा राहिलो, आवाज होईल असा. फोडलेला बर्फ समोर आधीच बादलीभर पडला होता.