बँकेला सांगितलं, झोपलेत

इनायाच्या अब्बांना,
नौशीनचा सलाम.

तुम्हाला माती देऊन तुमचे धाकटे भाऊ रफिक कब्रस्तानातून परतले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाभी, बँकेला इतक्यात काही कळू देऊ नका. इथे आखातात तसा जुना कायदा आहे. माणूस गेल्याचं कळलं की खातं लॉक, जॉइंट असलं तरी. मग कोर्टाचा कागद येईपर्यंत खलास." घरभाड्याचा चेक त्याच आठवड्यात वटायचा होता. तो परत आला असता तर इनायाला घेऊन मी कुठे गेले असते?

दुसऱ्या दिवशी तुमचा मोबाइल वाजला. बँकेतली मुलगी होती, नव्या कार्डाची ऑफर घेऊन. "सर से बात हो सकती है?" मी म्हटलं, "सो रहे हैं." किती सहज म्हटलं! इनाया शेजारीच चित्र रंगवत होती. तुम्ही हॉस्पिटलमध्ये आहात, एवढंच तिला ठाऊक होतं. तिने बेडरूमच्या बंद दाराकडे पाहिलं आणि हसली.

चेक वटला. मग रफिकनी बँकेला कळवलं आणि खातं लॉक झालं. बँकेला खरं सांगून झालं, अहो. इनायाला कसं सांगू? त्या दारासमोरून ती चवड्यांवर चालते. टीव्हीचा आवाज स्वतःच कमी करते.

आज किचनमध्ये मला हुंदका आवरला नाही. ती धावत आली, माझ्या तोंडावर हात ठेवून कुजबुजली, "ममा, शू! अब्बा विल वेक अप."

मी ओढणी तोंडात कोंबली.

तुमचीच,
नौशीन