निशाण धरणारा हात

प्रिय धाकट्या,

बाबांना अग्नी देऊन तू तडक धावपट्टीवर गेलास. मी रागावले नाही. हंगाम कुणासाठी थांबत नाही, हे या घरात आपण लहानपणापासून ऐकत आलोय. तुझा शर्ट मात्र इथेच राहिला. दोनदा धुतला, तरी फवारणीच्या औषधाचा वास जात नाही. बाबांच्या कपड्यांनाही तोच वास यायचा. आई ते वेगळ्या दोरीवर वाळत घालायची.

त्या दुहेरी पंखांच्या विमानातून तू पहिली फवारणी केलीस, तेव्हा शेताच्या टोकाला निशाण धरून बाबाच उभे होते. तू निशाणाच्या रोखाने यायचास, त्यांच्या डोक्यावरून जायचास, मग ते पुढच्या पट्ट्यासाठी सरकायचे. हँगरमधल्या बाकावर बसून सगळ्यांना ऐकवायचे, "लोकांची पोरं डोक्यावर बसतात, माझं डोक्यावरून उडतं!" आणि तुला दम भरायचे, "मला बघून फवाऱ्याचा कॉक आधी बंद करू नकोस. कडेचा पट्टा कोरडा राहिला की पिवळा पडतो, आणि सगळे वैमानिकाला हसतात." तू कडा कधी कोरडी ठेवली नाहीस. बापाने सांगितलं, मुलाने ऐकलं. असल्या आज्ञाधारकपणावरच हा धंदा चाललाय, आणि त्याचाच मला संताप येतो. माणूस भिजवून पीक हिरवं ठेवण्याला मी कसब म्हणणार नाही. बाबा म्हणाले असते तरी नाही.

दवाखान्यात शेवटी शेवटी ते मलाही ओळखत नव्हते. पण खिडकीखाली एखादा ट्रक गुरगुरला, की चादरीचं टोक मुठीत धरून हात वर करायचे. विमान डोक्यावरून गेल्याशिवाय हात खाली घ्यायचा नाही, ही त्यांची शिस्त. नर्स म्हणायची, "आजोबा, हात भरून येईल हो." ते धापा टाकत म्हणायचे, "थांबा. येतोय तो." शेवटी तो हात मीच खाली घेतला.

कंपनी म्हणते, आमचे वैमानिक माणसाच्या बरंच अलीकडे कॉक बंद करतात. म्हाताऱ्याची छाती वयामुळे गेली. आणि तुम्ही वैमानिक सगळे मूग गिळून बसलाय.

रविवारी निशाणवाल्यांची सभा आहे. सोमवारी बाबांच्या जागी नवा माणूस उभा राहील, तुझ्याच विमानाखाली. मी बोलणार आहे, आणि आमचा बाप कुणाच्या फवाऱ्याखाली भिजत राहिला, हे नाव घेऊन सांगणार आहे. भाऊ म्हणून तुला वगळलं, तर पुन्हा माइकसमोर उभं राहायला मला तोंड उरणार नाही. हे तुला परक्याकडून कळू नये, म्हणून लिहितेय. माझ्या आधी बोलायची पाळी तुझ्यासाठी मोकळी ठेवायला सांगितली आहे. तूच सांगितलंस, तर मला सांगावं लागणार नाही. शर्ट इस्त्री करून ठेवलाय. तोच घालून उभा राहा. पहिल्या रांगेपर्यंत वास जाऊ दे.

काहीही झालं तरी तुझीच,
ताई